एक कुलूप

विमा कचेरीच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको फॉर्म भरत होते.

“आग, चोरी, गळती, तिन्हींचा विमा घेऊ! पहिलंच भाड्याचं घर आहे आपलं.”

“सामानात काय लिहू गं?”

“फ्रिज, सोफा, आरशाचं कपाट.”

“अगं, पण आहे कुठे ते?”

“येईलच की!”

खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला. “ताई, बाजारातल्या तुरी नकोत. आज घरात आहे तेवढंच लिहा.”

“आज? राहायला तर आम्ही उद्या जाणार!”

“म्हणजे घर रिकामंच?”

“रिकामं कसं? कालच दाराला नवं कुलूप लावलंय, स्वतःच्या पैशांनी. लिहा हो, एक कुलूप!”

“आणि किल्ल्या दोन, बाई. एक हिची, एक माझी.”