सगळ्यांना एकच पान

बाळ्या : फोन घरीच आहे, ताई. चार्जिंगला लावलेला. चष्म्याची डबी टेबलावर आहे, आत चष्मा नाही.

ताई : म्हणजे चष्मा लावून गेलेत. चपला?

बाळ्या : चपला नाहीत. दाराला नुसती कडी होती, कुलूप नाही. बाबा आणि कुलूप न लावता बाहेर? कचरा टाकायला उतरले तरी दोनदा ओढून बघतात.

ताई : शेजारच्या काकूंना विचारलंस?

बाळ्या : त्या म्हणाल्या, उजाडता उजाडता उतरले. काकूंनी विचारलं, आज एवढ्या लवकर? तर मान खाली घालून तसेच पुढे गेले. ताई, मी त्यांचा फोन उघडला. रक्त तपासणाऱ्या लॅबच्या साईटचं पान समोरच होतं. वाचू?

ताई : वाच.

बाळ्या : वर बाबांचं नाव, वय. खाली लाल चौकटीत, "निकाल गंभीर आहे. आजच डॉक्टरांना भेटा." बाकी सगळं म्हणे कागदावर मिळेल, लॅबमध्ये. हे पान तूच बनवलंयस ना?

ताई : मीच. आता शांतपणे ऐक. ती लाल चौकट खोटी असू शकते.

बाळ्या : खोटी म्हणजे?

ताई : लॅबच्या बाई मघापासून मला फोनवर फोन करतायत. एका कॉलेजच्या मुलीला हेच वाक्य दिसलं. तिने नुसतं नोकरीच्या तपासणीसाठी रक्त दिलं होतं. मग एका बेकरीवाल्याला दिसलं. त्याची बायको चक्कर येऊन पडली म्हणे. नाव ज्याचं त्याचं, वय ज्याचं त्याचं, खालची चौकट मात्र शब्दन्‌शब्द तीच. सकाळच्या प्रहरी अख्ख्या गावाला एकदम गंभीर आजार होत नाही, बाळ्या.

बाळ्या : म्हणजे बाबांना काही नाही!

ताई : नसणार. पण ते बाबांना कुठं माहितीये? ते तर वाचून घराबाहेर पडलेत.

बाळ्या : आई गेली त्या महिन्यात काय म्हणाले होते, आठवतं? "माझ्यावर अंथरुणात पडून राहायची पाळी येऊ देणार नाही मी. त्याआधीच बघेन काय ते."

ताई : आठवतं. म्हणून सांगते, आधी कालव्याकडे जा.

बाळ्या : तुझ्याही मनात तेच आलं तर.

ताई : बाळ्या, गाडी काढ.

बाळ्या : काढलीच आहे. गाडी शिकायला आलेल्या एक काकू बसल्या होत्या, त्यांना कोपऱ्यावर उतरवलं. त्या बिचाऱ्या आपणहून म्हणाल्या, माझं ड्रायव्हिंग कुठं पळून जातंय, आधी वडिलांना शोधा. तू फोन ठेवू नकोस हां. आणि बोलत राहा. तू गप्प बसलीस की मला नको नको ते दिसतं.

ताई : काय बोलू?

बाळ्या : काहीही. समोर काय करतेयस ते सांग. मला कळलं नाही तरी चालेल.

ताई : पान बंद केलंय सगळ्यात आधी. आता कुणीही उघडलं तर "काम चालू आहे" एवढंच दिसेल. निदान नवीन कुणी घाबरणार नाही. आता चूक शोधतेय. पण मेली एकही लाल ओळ नाही. पीएचपीत, म्हणजे साईट लिहायच्या भाषेत, चूक झाली की सहसा ते बोंब मारतं, अमुक फाईल, तमुक ओळ. कधी नुसतं पांढरं पान येतं, तेही परवडतं. काहीतरी मोडलंय एवढं तरी कळतं. इथं सगळं कसं झकास चाललंय, आणि खोटं सांगतंय. असल्या चुकीची मला फार भीती वाटते.

बाळ्या : कालव्याच्या रस्त्याला लागलोय. पुढे सांग.

ताई : पहिला संशय माणसांच्या अदलाबदलीचा. आत आलेला माणूस कोण, हे साईट लक्षात ठेवते. ती ओळख एकमेकांत मिसळली, तर ह्याचं पान त्याला दिसतं. म्हणून दर टप्प्यावर रुग्णाचा नंबर छापून बघितला. बरोबर येतोय. मग वाटलं, माहिती मागवताना नंबर गळतोय का? तोही नाही. आत सगळं ठीक आहे, बाहेर पडताना भलतंच.

बाळ्या : ताई.

ताई : काय?

बाळ्या : पुलाशी माणसं जमलीयत.

ताई : कसली माणसं?

बाळ्या : कठड्याशी वाकून खाली बघतायत सगळे. एक पोलीस आहे. दोरी सोडलीय पाण्यात.

ताई : बाळ्या, उतरून बघ.

बाळ्या : गाडीतून उतरवत नाहीये गं. तू इथं असतीस तर बरं झालं असतं.

ताई : मी आहे. फोन कानाला लाव आणि चालायला लाग. कुणालाही विचार, काय झालं म्हणून.

बाळ्या : चालतोय... अहो, काय झालंय?... हो का... ताई, स्कूटर पडलीय. कुणीतरी उतारावर लावून गेलं, ती घरंगळत आत गेली. नुसती स्कूटर. माणूस नाही. मालक कपाळाला हात लावून बसलाय, आणि मला हसू येतंय. मी काय माणूस आहे.

ताई : येऊ दे हसू.  इथं ऑफिसच्या खोलीत आज कुणी नाही रे. खालचं चष्म्याचं दुकानसुद्धा उघडलं नाही अजून.

बाळ्या : आता फाटकाकडे जातो. रेल्वेच्या. मी फक्त जाऊन बघतो हां, तसं काही नाही. बोल तू.

ताई : आता सरळ विचार करते. परवापर्यंत ठीक होतं. काल मी काय बदललं? लॅबच्या बाई म्हणाल्या होत्या, सकाळी गर्दीच्या वेळी पान उघडायला जड जातं. म्हणून मी... थांब. थांब, थांब.

बाळ्या : काय?

ताई : सापडलं. देवा, सापडलं. इतकं साधं.

बाळ्या : मला कळेल असं सांग.

ताई : साईटवर तपासण्यांच्या दरांचं पान आहे ना, ते एकदा तयार झालं की बाजूला ठेवायचं आणि येईल त्याला तेच द्यायचं, असं मी केलं होतं. दर सगळ्यांना सारखेच. प्रत्येकासाठी नव्याने कशाला करायचं?

बाळ्या : म्हणजे सकाळी एकदाच चहा करून थर्मासमध्ये भरायचा, पाहुणा आला की ओतायचा.

ताई : अगदी तसंच. काल मी तोच तुकडा तिकडून उचलला आणि निकालाच्या चौकटीला चिकटवला. बाजूला ठेवताना त्यावर रुग्णाचा नंबर घालायचा, तो घातलाच नाही. दराच्या पानाला नंबर लागत नाही ना, म्हणून. मग काय, नाव ज्याचं त्याचं आणि निकाल सगळ्यांना एकाच थर्मासातला.

बाळ्या : पण तू तर सगळं तपासून बघतेस.

ताई : दहादा तपासलं. एकाच खोट्या रुग्णावर. मीच बनवलेला, मीच उघडायची, त्याला त्याचाच निकाल दिसायचा. दुसरा रुग्ण घेऊन बघायचं सुचलंच नाही. एवढी वर्षं हेच काम करतेय मी. नवशिक्याला ह्याच चुकीसाठी झापलं असतं.

बाळ्या : आता स्वतःला दोष देत बसू नकोस. फाटक उघडं आहे. गाड्या नेहमीसारख्या जातायत. इथं काही नाही.

ताई : बरं झालं. बागेत बघ. मग वाचनालय. मग त्यांचे दोस्त मास्तर आहेत ना, त्यांच्याकडे. मी नंबर घालून टाकते आणि ती बाजूला ठेवलेली जुनी फाईल पुसते. लॅबला कळवते, एकेकाला फोन करून खरा निकाल सांगा म्हणून. बाबा सापडले की हसतील बघ. म्हणतील, तुझ्या शिक्षणावर केलेला खर्च आज वसूल झाला.

बाळ्या : ताई, एक विचारू?

ताई : विचार की.

बाळ्या : पहिला कप कुणाचा होता?

ताई : काय?

बाळ्या : थर्मासातला सगळ्यांना दिला, मान्य. पण तो चहा आधी कुणासाठी तरी केला असेल ना? त्या एका माणसाला तर खराच गंभीर आजार आहे.

ताई : हो. असणार.

बाळ्या : कोण तो?

ताई : जुनी फाईल रोज रात्री आपोआप पुसली जाते. पहाटे नवे निकाल खुले होतात. त्यानंतर जो सगळ्यात आधी पान उघडेल, तो.

बाळ्या : पहाटे लॅबचं पान कोण उघडतं, ताई?

ताई : बेकरीवाला उघडेल. बेकरीवाले पहाटेच उठतात.

बाळ्या : हो. उठतात खरं.

ताई : रात्रपाळीवाले असतात. दवाखान्यातल्या नर्स असतात. तान्ही मुलं असलेल्या बायका तर रात्रभर जाग्याच असतात.

बाळ्या : हो गं, असतात. तुला बघता येतं ना पण? बाबांचा खरा निकाल काय आहे तो?

ताई : येतं. एक ओळ लिहायची, त्यात त्यांचा नंबर टाकायचा. लॅबला शब्द दिलाय मी, कुणाचाही निकाल उघडणार नाही म्हणून. पण खरं सांगू? आत्ता शब्दबिब्द काही आठवत नाही मला. ओळ लिहून झालीय. नंबरही टाकून झालाय. बटण दाबवत नाहीये.

बाळ्या : मग नको दाबूस. आधी बाबा सापडू देत. बाग, वाचनालय मागून बघतो, आधी मास्तरांच्या गल्लीत वळतोय.

(जिन्यावर चपला वाजतात. कुणीतरी मध्येच थांबून दम खातं, मग दार ढकललं जातं.)

बाबा : आहेस का गं पोरी? काय जिना आहे हा, का परीक्षा!

ताई : बाबा! बाळ्या, बाबा आलेत. इथं आलेत, माझ्याकडे.

बाळ्या : तिथं? बरे आहेत? गाडी बाजूला घेतो. मला काही दिसेनासं झालंय.

ताई : कुठं गेला होतात, बाबा? फोन घरी, दार उघडं. आम्ही काय काय म्हणून मनात आणलं नाही.

बाबा : चुकलंच माझं. ते वाचलं आणि घरात बसवेना. तुम्हा पोरांना काय सांगायचं, कसं सांगायचं? म्हणून मास्तरांकडे गेलो. तर मास्तर आपले ओट्यावर फोन हातात घेऊन बसलेले, डोळे पुसत. त्यांनाही तसाच निकाल! दोघं म्हातारे आधी गळ्यात गळे घालून रडलो. मग मास्तरांच्या बायकोने तिचं पान उघडलं, तिनेही रक्त दिलं होतं. तिलाही तेच! तेव्हा मास्तर म्हणाले, अहो, ही तुमच्या लेकीच्या साईटची भानगड दिसतेय. मग असे हसलो, असे हसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, परत जिवंत झालो बघ.

बाळ्या : बाबा, कमाल आहे तुमची.

बाबा : स्पीकरवर आहे वाटतं बाळ्या? अरे, फोन घरी राहिला, तुमचे नंबर काही पाठ नाहीत, म्हणून पायीच आलो. म्हटलं, हिला कुणी टाकून बोलायच्या आत आपण सांगावं. तुझ्यावर नाही ना गं येणार काही?

ताई : त्याचं सोडा. बाबा, तुम्ही पान कधी उघडलंत?

बाबा : पहाटेच. तूच म्हणाली होतीस ना, पहाटे खुलं होतं म्हणून. डोळ्याला डोळा नव्हता. कधीपासून फोन धरून बसलो होतो. "निकाल अजून खुले नाहीत, निकाल अजून खुले नाहीत," मी आपला दाबतोय, दाबतोय. शेवटी खुलं झालं ते माझ्या डोळ्यांदेखत. दुपारच्या गाडीला सकाळी स्टेशनवर जाणारा माणूस मी. माझ्या आधी कोण उघडणार?

बाळ्या : ताई.

ताई : ऐकलं मी.

बाबा : काय झालं? तोंड का उतरलं तुझं? चूक सापडली नाही का अजून?

ताई : सापडली, बाबा.

बाबा : मग झालं तर.

ताई : बसा. पाणी घ्या आधी. बाळ्या, गाडी इकडेच घे. सावकाश चालव. आपण तिघं मिळून लॅबमध्ये जाऊ.

बाबा : आता लॅबमध्ये कशाला? चूक सापडली म्हणालीस ना?