देवीची आवड आणि अण्णांची जीभ

मंडळी, खरं सांगा हं! सणाला गोड काय करायचं, हे तुमच्या घरी कोण ठरवतं? देव? अहो, देवानं कधी तोंड उघडलंय?

तर ऐका! कोकणात एक विसूअण्णा होते. नवरात्रात अष्टमीला घरच्या देवीला कौल लावायची त्यांची रीत. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली की देवीचा होकार! आणि देवीला दरवर्षी हवं काय? पुरणपोळीच! जेवायला तीस पानं, पुरण पाट्यावर वाटायचं, अन् वाटणारी एकटी सून – शालन!

त्या वर्षी शालनला आठवा महिना. पाय सुजलेले, उभं राहवेना. ती म्हणाली, "मामंजी, यंदा खीर केली तर?"

"छे छे! देवी म्हणेल तसं!"

नवरा? तो उदबत्ती नीट करत होता! हसू नका, समोर चार-पाच तसलेच बसलेत!

अण्णांनी डावी पाकळी अंगठ्यानं दाबून बसवली. उजवी? नुसती टेकवली! टप्प – पडली! "पुरणपोळी!"

शालन तीन वर्षं तो अंगठा बघत होती. मंडळी, राग आला हो तिला! ती पुढे झाली. "आता मी एक विचारते." डावी दाबली, उजवी टेकवली. "आई, उद्याचं पुरण मामंजींनी वाटायला हवं का?"

टप्प! कौलाला जमलेले भाऊबंद ओरडले, "उदो!"

अण्णा उसळले – "अगं, तू डावी दाबून..." आणि जीभ चावली!

"दाबून? म्हणजे कसं हो, मामंजी?"

नवमीला पहाटेच अण्णा पाट्यापुढे. एक वाटी डाळ वाटून होईतो कंबर धरली, घाम नाकावरून पुरणात!

"सूनबाई... देवीला खीर चालेल गं."

"कौल लावू या?"

"नको, नको! तिला किती त्रास द्यायचा!"

त्या दिवशी तीस पानांवर खीर वाढली. देवी कोपली नाही. शालन पहिल्यांदा सणाला बसून जेवली.

आता टाळ्या पुरेत! दसऱ्याला घरी म्हणाल, "देवाला अमुकच लागतं!" जरूर म्हणा. पण पाटावर बसून नाही, बाप्पांनो – चुलीपुढे उभं राहून म्हणा. बघू, देवाची भूक किती उरते!