देवघरातलं मशीन

(फोनवर. मधुवंती धारला, तिचे वडील दत्तोपंत देवासला.)

मधुवंती : अण्णा, देवघर उघडलंत का? मशीनवर कोणता लाइट आहे, एवढंच सांगा.

दत्तोपंत : उघडतोय गं. जानव्याला बांधलेली किल्ली, लवकर लागते थोडीच. झालं तरी काय?

मधुवंती : इथली स्टुडिओतली डिस्क काल जळाली. दुकानवाला म्हणाला, मॅडम, इसमें कुछ नहीं बचा. पण टेन्शन नाही. इथलं सगळं रोज रात्री दहाला नेटवरून तुमच्याकडच्या मशीनमध्ये कॉपी होतं.

दत्तोपंत : एकही दिवा नाही, मधू.

मधुवंती : लाल पण नाही?

दत्तोपंत : बटणच बंद आहे. मीच केलं होतं.

मधुवंती : कधी?

दत्तोपंत : तुझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा. सुतकात देवाजवळ दिवा नाही. समई काढली, बटण बंद केलं, कुलूप लावलं आणि तुझ्याकडे निघालो. संध्याकाळचे सात वाजले असतील.

मधुवंती : सात! तीन तास, अण्णा, फक्त तीन तास! मशीनला कसलं आलंय सुतक? इन्व्हर्टर तिथे आहे म्हणून ठेवलं होतं ना ते? हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं!

दत्तोपंत : दसऱ्याला झेंडू वाहतो मी त्याला. देवाजवळ बसलेल्या वस्तूला वेगळा नियम कसा लावायचा? आणि चार लग्नांचे व्हिडिओ गेले तर एवढं काय...

मधुवंती : लग्नं गेली खड्ड्यात. गेली त्याच दुपारी आई तुमच्यासाठी बोलली होती. माझ्या माइकसमोर बसून, वीस मिनिटं.

दत्तोपंत : माझ्यासाठी?

मधुवंती : म्हणाली, ते काही थांबायचे नाहीत इथे. त्यांना ऐकव.

दत्तोपंत : काय बोलली?

मधुवंती : मला काय माहीत? मला बाहेर काढलं होतं तिनं.

दत्तोपंत : अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?

मधुवंती : म्हटलं तेरावं होऊ दे, नाहीतर तुम्हीच ओरडाल. रेकॉर्डिंग दोन जागी आहे, पळून थोडंच जातंय. तुमचं मशीन बंद असल्याचे मेसेज येत होते रोज, तेही पाहिले नाहीत मी. गाढव आहे मी.

दत्तोपंत : उगी, उगी.

मधुवंती : उगी काय? चार महिने ती इथे होती. तुम्ही यायचात, ओट्यावर अर्धा तास बसायचात आणि इंदूरची बस पकडून परत जायचात.

दत्तोपंत : लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत आपल्यात. तिला ठाऊक होतं.

मधुवंती : तीही तुमच्याच घरची होती. ती प्यायली.

दत्तोपंत : ...मधू, मी येतो आज. कुठं बसून बोलली, ती खुर्ची तरी दाखव. दोन दिवस राहीन. पाणीही पिईन.

मधुवंती : ते ती असताना प्यायचं होतं, अण्णा.