वेणीचं पान

वाचनालयात पुस्तकं परत करायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या.

"काकू, कसं आहे हो हे?"

"तू नेच. युद्धात ज्यूंना घराघरातून धरून नेत होते ना, त्यातून वाचलेल्या बाईनं लिहिलंय. तेव्हा आठ वर्षांची होती. शिंप्याच्या दुकानामागे लपल्यात मायलेकी. आई अंधारात तिची वेणी घालते, सोडते, पुन्हा घालते. अगदी सावकाश."

"मग?"

"मग जिन्यावर बूट वाजतात. आई परत आली नाही, हे अर्पणपत्रिकेतच आहे. म्हणून मी तिथंच पुस्तक मिटते. तीनदा नेलं, तीनदा तसंच आणलं. पान उलटलं नाही, तोवर वेणी चालूच राहते गं."

"अहो, मग मला कशाला वाचायला सांगताय?"

"पुढे ती पोर एकटीच आहे. कुणीतरी सोबत जायला हवं ना."