रत्नाबाईंच्या मनगटावरचा लाल दिवा

मंडळी, ऐका! सरसावून बसा. आणि खांबाला टेकलेले काका, डोळे उघडे ठेवा जरा! आज कीर्तनात एकच प्रश्न विचारतो. जीव तळमळतो, छाती धडधडते, घशाशी आवंढा येतो — हे दुखणं समजायचं का? आणि ते काढून टाकलं, की माणूस सुखी होतो का? नका सांगू लगेच. आधी गोष्ट ऐका.

सांगलीकडं पंपांचा एक कारखाना. तिथं फोनवर तक्रारी घेणारं ऑफिस. पाच बायका, कानाला हेडफोन, आणि दिवसभर लोकांच्या शिव्या! "पंप पाणीच ओढत नाही!" — अहो, विहिरीत पाणी नाही, त्याला बाई काय करील? पण गोड बोलायचं! संध्याकाळी बायका पार पिळून निघायच्या.

तिथं आला निनाद नावाचा इंजिनीअर. पोरगा गुणी हो! त्याचे वडील ऑफिसच्या खुर्चीतच कोसळले होते. तेव्हापासून एकच ध्यास — कामाचा ताण वेळेत कळला पाहिजे! त्यानं मनगटाला बांधायचा पट्टा केला. नाडी वाढली, हाताला घाम सुटला, की लाल दिवा! मग हातातला फोन संपला की पाच मिनिटं नवा फोन नाही, बाईनं निवांत चहा घ्यायचा. आमच्या पेटीवाल्यांना बांधावा म्हणतो — मी वरचा सूर लावला की लाल! हसा, हसा. पण पट्ट्यानं गुण दिला. बायकांची डोकेदुखी गेली, झोप लागायला लागली.

एक रत्नाबाई चौगुले सोडून! वय सत्तावन्न. शिव्या खाताना यांचा दिवा हिरवा, आणि दर गुरुवारी चारच्या सुमाराला असा लाल, की निनाद घाबरला. शोधलं त्यानं. त्या वेळी एक मुका फोन यायचा. बाई म्हणायच्या, "नमस्कार, बोला." पलीकडून शब्द नाही! मिनिटभर बाई कान लावून बसायच्या, मग पलीकडूनच फोन बंद.

निनाद म्हणाला, "कुणीतरी टवाळ त्रास देतोय!" बाईंना विचारलं का? छे! आकडे समोर असताना माणसाला कोण विचारतो? त्यानं फोनच्या यंत्राला शिकवलं — बाईंच्या आधी तूच विचार, "बोला." उत्तर नाही आलं तर फोन तोड. झालं! महिनाभर बाईंचा दिवा हिरवागार. साहेबांनी पेढे वाटले.

पेढा घेऊन निनाद बाईंकडं गेला. "मावशी, आता गुरुवारी शांत वाटतं ना?"

बाईंनी पेढ्याकडं नेलेला हात मागं घेतला. "म्हणजे... फोन तू बंद केलास होय रे?"

"हो. तो मुका फोन यायचा ना—"

"अरे, माझा संग्राम होता तो!"

मंडळी, सहा वर्षांपूर्वी मायलेकांचं भांडण झालेलं. पोरानं कॉलेज सोडलं. बाई रागानं म्हणाल्या, "चालता हो, तोंड दाखवू नकोस!" तो म्हणाला, "यापुढं तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही!" आणि गेला. हट्टी, आईच्याच वळणाचा! पण राहवतंय का? गुरुवारी कुणाचा तरी फोन मागून घ्यायचा, आईच्या टेबलाचा नंबर लावायचा, तिचा आवाज ऐकायचा. बोलायचं मात्र नाही!

"पण तोच कशावरनं?" निनादनं विचारलं.

"लहानपणापासून दमा आहे त्याला. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते. मांडीवर घेऊन ऐकलीय मी ती. मला कळणार नाही?" बाईंना रडू आवरेना. "मीही त्याला हाक मारली नाही रे. म्हटलं, मारली आणि त्यानं फोनच सोडला तर? आता त्याला वाटलं असेल, आईनंच तोडला."

निनादचं तोंड उतरलं. त्यानं लगेच तो नियम काढला. पट्ट्यात नवी सोय केली — दिवा लाल झाला की यंत्रानं आधी माणसाला विचारायचं, "हे नको आहे, की हवं आहे?" बाईंनी आधीच 'हवं' दाबून ठेवलं.

गुरुवार आला. फोन नाही. पुढचा आला. नाही! जुने नंबर काढले — एक धाब्याचा, एक टेम्पोवाल्याचा. कुणाला पोरगा आठवेना. बाईंचं निवृत्तीचं वय झालं, तरी हातापाया पडून गुरुवारपुरतं काम मागून घेतलंय. अजून बसतात.

तुम्ही विचाराल, बुवा, आला का फोन? नाही आला हो! म्हणून तर मी हे गावोगाव सांगत फिरतो. ताण उतरवावा, जरूर उतरवावा. पण ही ओढ होती! ओढ काढून घेतली तर आत राहतं काय? आपणही देवापुढं येतो, हात जोडतो, तोंडातून शब्द फुटत नाही. तो पाठ फिरवतो का? श्वासावरनं ओळखतो तो!

संग्राम, बाळा, या मांडवात कुठं बसला असशील तर ऐक. तुझ्या आईनं फोन तोडला नाही रे. शपथ मोडल्याचं पाप माझ्या माथी. बोल तिच्याशी!

आणि बाकीचे काय माझ्याकडं बघताय? प्रत्येकाचं कुणाशी तरी अडलेलं आहे, मला ठाऊक आहे! आरती थांबवलीय मी. उठा, बाहेर जा, फोन लावा. आणि मुके राहू नका!