दुपारच्या गोळीनंतर झालेला ठराव

मंडळी, बसा, बसा. माझ्यासाठी कोणी उठू नका, उगाच तोल जायचा. मी शोभा जाधव. आमच्या ह्यांना पार्किन्सन आहे, म्हणून मी या मंडळात. निकम सरांच्या फोटोला आज हार घालावा लागला, अशा वेळी वाद घालू नये, कळतं मला. पण आज गप्प बसले तर मला झोप लागायची नाही.

आत्ताच अध्यक्ष म्हणाले, सरांची शेवटची इच्छा म्हणून मंडळाचा सगळा निधी या आजाराच्या संशोधनाला जाणार. म्हणजे उद्यापासून मंगल बंद. मंगल कोण, ते पाहुण्यांना सांगते. सकाळपासून घरोघर जाऊन आपल्या माणसांना उठवते, अंघोळ घालते, घास भरवते, ती मंगल. तिचा पगार मंडळ देतं.

तो ठराव सरांनीच मांडला होता, खरं आहे. नाशिक रोडच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस. उभे राहून खणखणीत म्हणाले, "आपलं व्हायचं ते झालं. पुढच्या पोरांना हा आजार नको." काय टाळ्या पडल्या!

पण मंडळी, आपली सभा कधी असते हो? दुपारची गोळी लागू पडली की. तेव्हा सगळे चालतात, बोलतात, हात वर करतात. मन कसं मोठं होतं! आणि पहाटे? गोळीचा अंमल उतरलेला असतो तेव्हा? तेव्हा घेतली का कोणी सभा?

गेल्या महिन्यात सकाळी सकाळी मी सरांकडे गेले. अंग नुसतं लाकूड झालेलं. कूस बदलता येईना. मंगलने खांद्याखाली हात घालून वळवलं, चमच्याने पाणी पाजलं. मी रागातच होते. म्हटलं, "काय सर, हिलाच काढताय ना?" बराच वेळ नुसते ओठ हलले. मग म्हणाले, "वहिनी, ठराव या वेळेला करायला हवा होता."

"मग संशोधन?"

"तेही हवं. पण हिला काढून नको."

सुजाता, तू सरांची लेक. तुला वाटतंय, ही बाई माझ्या वडिलांचा शब्द मोडतेय. नाही गं बाळा. मंगल तिथेच होती, विचार तिला. ती आज इथे का नाही, माहितीये? पलीकडच्या गल्लीत आपल्या मंडळातल्या पगारे भाऊंना भरवतेय. उद्या कोण भरवणार? सांगा ना अध्यक्ष! नवं औषध येईल तेव्हा येईल. येवोच! त्यासाठी मी दारोदार झोळी घेऊन फिरेन. पण तोवर माणूस तहानलेला ठेवायचा?

ठराव मागे घ्या. नाहीतर पुन्हा सभा घ्या. सकाळी, गोळीच्या आधी, आमच्या घरी. ह्यांच्या खाटेभोवती उभे राहा, आणि मग करा हात वर.

आता सरांसाठी थोडा वेळ शांत बसू. स्तब्ध राहा, असं मी म्हणणार नाही. आपल्यातल्या निम्म्यांना ते जमत नाही. हात थरथरला तर थरथरू द्या. शेजारी बसलेल्याने तो आपल्या हातात घ्यावा.