जपानी मशीनचं कपाळ

…आणि वर मलाच विचारतात, आजोबा, तुमचं मशीन बिघडलं म्हणे! कोण म्हणतं? बिघडलं नव्हतं, रुसलं होतं, आणि ते दुरुस्त केलं मी... जरा हळू बोला, आत मंडळी आहेत. तुम्हाला सांगतो, सुरतेच्या या अख्ख्या बमरोलीत मागावरच्या कारागिरांमध्ये पहिला कॅल्क्युलेटर माझ्या खिशात आला. शेठनं नवा घेतला, जुना मला दिला. सेल नाही, वायर नाही, डोक्याशी एक काळी पट्टी, तिच्यावर उजेड पडला की आकडे हजर! मी चौथी शिकलो, तेही मास्तर कंटाळले म्हणून, पण मशीन जपानी आणि ऐकतं खानदेशी माणसाचं!

कसं ऐकतं? अहो, मी गल्लीत सांगून ठेवलंय, हे खोटं पकडतं. समोरच्याला प्रश्न विचारायचा, तो उत्तर देताना माझा अंगठा हळूच काळ्या पट्टीवर... आकडे गुल! लूमवरचे दांडगे गडी घाम पुसत कबूल व्हायचे. गेल्या दसऱ्याला आमच्या धुरपदाबाईला, म्हणजे मंडळींना, अमळनेरच्या छगन व्याह्यांसमोर विचारलं, माझ्याआधी जेवलीस का गं? ती नाही म्हणाली, आकडे गुल, व्याही इतके हसले की तोंडातलं पान नाकात गेलं. ती ताटं उचलून आत गेली. बायको न भांडता आत जाते तेव्हा सावध राहावं... पण मी आपला खुशीत.

यंदा खंडेनवमीला तिनं माझी हत्यारं पाटावर मांडली, कात्री, पेचकस आणि मधोमध मशीन! ओलं हळद-कुंकू, फूल, अक्षता. कुठल्या शेठच्या मशीनला एवढा मान आहे, सांगा! आणि दसऱ्याला सकाळी बटण दाबतो तर... आकडाच नाही. संध्याकाळी सोनं द्यायला व्याही येणार! त्यांच्यासमोर माझी इज्जत म्हणजे तेवढं मशीन, दुसरं आहे काय माझ्याकडे?

उन्हात धरलं, झटकलं, शेवटी उधन्याला कुंदन रेडिओवाल्याकडे पळालो. सणाचा दिवस, तरी त्याला बसवलं. तो आधी मशीनच्या पाया पडला. म्हणाला, काका, पूजेचं आहे, पुढून हात नाही लावत, मागून उघडतो. शहाणा पोरगा! पूजेचं कुंकू पुसायचं पाप कोण घेणार? आत बघतो तर सुताची ही एवढी रुई, मशीनही माझ्यासारखंच लूमवर जन्म काढलेलं! फुंकलं, पुसलं, पेच मी स्वतः आवळले. "बधुं ओके छे, काका." सगळं ओके, आकडा नाही! मी म्हटलं, असू दे, मशीन जपानी, पण ऐकेल खानदेशी माणसाचं.

व्याही आले, आपट्याची पानं हातात ठेवली, आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले, काढा मशीन. काढलं. ट्यूबलाइटखाली धरलं. कोरं! व्याही चष्मा वर सरकवून म्हणतात कसे, "हे खोटारड्यासमोर बंद पडतं ना? मग व्याही, आज तुम्ही काय खोटं बोललात?"

झाली का पंचाईत! नियम माझाच!

तेवढ्यात धुरपदाबाई चहा घेऊन आली, कप ठेवले, मशीन उचललं, वरचं हळद-कुंकू पदरानं पुसलं... आणि आकडे लख्ख! अहो, कुंकू नेमकं काळ्या पट्टीवर! कपाळ सोडून कुंकू दुसरीकडे लावतं का कोणी? मी ओरडलो, पूजेचं पुसलंस? ती शांतपणे म्हणाली, "पूजा कालदिन झायी. इतला वरीस तुमना अंगठा व्हता, यंदा मन्हं बोट."

म्हणजे तिला सगळं ठाऊक! राग? छे, छाती फुगली माझी! या गल्लीत मला आजवर कोणी बनवलं नव्हतं, आणि बनवलं तर माझ्याच घरच्या माणसानं... तालीम कोणाच्या हाताखालची?

मग मशीन हातात तसंच धरून विचारते, "आते सांगा, हाई मशीन नीट कोनी कयं?" मी ऐटीत म्हटलं, मी नीट केलं. आकडे गुल. व्याह्यांकडे बघितलं, ते पान सांभाळत होते. मग हळूच म्हटलं... तू. आकडे हजर!

तर बाबांनो, मशीन जपानी खरं, पण ऐकतं खानदेशी बाईचं. आता जपानी मशीन ऐकतं, तिथं मी कोण?